रॉम्बिकोसिडोडेकाहेड्रॉन : शब्द नेमका कुठे तोडायचा

एका घनाकृतीचं हे नाव. इंग्रजीत 22 अक्षरं (rhombicosidodecahedron) आणि बोलताना नऊ तुकडे, रॉम्-बि-को-सि-डो-डे-का-हे-ड्रॉन. हा शब्द मला मनापासून आवडतो, आणि लोक त्याला जीभ वळवायचा खेळ समजून सोडून देतात याचं वाईट वाटतं.

अडखळायला होतं ते बहुतेक 'सिडो'पाशी. आपण दमाच्या सोयीने रॉम्बिको, सिडो, डेका असं तोडतो, पण 'सिडो'ला काही अर्थच नाही त्यामुळे ते लक्षात राहायचं तरी कसं. खरे सांधे असे आहेत: रॉम्ब, इकोसि, डोडेका, हेड्रॉन. 'रॉम्बि'तला शेवटचा इ आणि 'इकोसि'चा पहिला इ एकमेकांत मिसळून गेलेत (आपल्याकडे कवि अधिक इंद्र म्हणजे कवींद्र होतो तसंच काहीसं) म्हणून तो सांधा कानाला सापडत नाही. सुरुवातीच्या आर नंतरचा एच बोलायचा नाही, आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त जोर 'हे'वर येतो, तिथे बरेच जण 'ही' म्हणतात, म्हणजे डेका-ही-ड्रन.

आता अर्थ. इकोसि म्हणजे वीस, डोडेका म्हणजे बारा. डोडेका आणि आपलं द्वादश शेजारी ठेवा, लगेच ओळख पटते. इकोसि जरा लांबचं वाटतं, पण ग्रीकच्या डोरिक बोलीत वीसला 'विकाति' म्हणायचे, आणि मग विंशति, वीस सगळं एकाच घरातलं दिसायला लागतं. हेड्रॉनमधला 'हेड्रा' म्हणजे बसायची जागा, बैठक. जुना स ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीला बऱ्याचदा ह होतो, सप्तचं हेप्टा झालं ना तसं, त्यामुळे हेड्रा हे आपल्या सद् धातूचं, सदनचं नातेवाईक. भूमितीत त्याचा अर्थ पृष्ठ.

आणि हे नाव नुसतं सजावटीचं नाहीये, त्यात आकृतीचा हिशोब आहे. 20 त्रिकोण, 12 पंचकोन आणि त्यांच्या मधे 30 चौरस, एकूण 62 पृष्ठं, 120 कडा, 60 शिरोबिंदू. ते 20 त्रिकोण ज्या प्रतलांत आहेत ती प्रतलं वाढवत नेली की इकोसाहेड्रॉन (20 त्रिकोणांची घनाकृती) तयार होतो, 12 पंचकोनांची वाढवली की डोडेकाहेड्रॉन (12 पंचकोनांची घनाकृती). मग चौरसांना 'रॉम्ब' का, तर त्यांची 30 प्रतलं वाढवली की 30 समभुज चौकोनांची, म्हणजे ऱ्हॉम्बसची, घनाकृती मिळते. हे नाव खगोलशास्त्रज्ञ केप्लरने ठेवलं, 1619 साली छापलेल्या ग्रंथात. तीन आकृत्या एकाच शब्दात बसवल्यात त्याने, मला तर हे फारच सुंदर वाटतं!

पाठ करायचा असेल तर शेवटाकडून करा. आधी हेड्रॉन, मग डोडेकाहेड्रॉन, मग इकोसिडोडेकाहेड्रॉन (ही स्वतःच एक वेगळी घनाकृती आहे, 20 त्रिकोण आणि 12 पंचकोन, बस्स) आणि मग पुढे रॉम्ब जोडा. डोडेकाहेड्रॉनपासून पुढे प्रत्येक पायरीवर तोंडात खरीखुरी आकृती असते, अर्धवट आवाज नाही.

हीच रीत रॉम्बिक्युबॉक्टाहेड्रॉनवर लावून बघा. क्युबचे 6 चौरस, ऑक्टाचे 8 त्रिकोण, आणि रॉम्बचे? 12 समभुज चौकोनांच्या घनाकृतीवरून आलेले अजून 12 चौरस, एकूण 26 पृष्ठं.