मोलिझेची वही, नोंद सहावी : लग्न सापडलं, तेही शेजारच्या गावात

मागच्या नोंदीत गाडं अडलं होतं ते सासूबाईंच्या खापरपणजोबांपाशी. मुलाच्या १८४८ च्या जन्मनोंदीत ते आहेत: वय ४०, धंदा 'ब्राच्चाले' म्हणजे शेतमजूर, शिवाय बायकोचं नाव. पण इटलीतल्या मोलिझे प्रदेशातल्या, काम्पोबास्सो प्रांतातल्या त्या डोंगरगावाच्या १८२५ पासून १८४८ पर्यंतच्या विवाहवह्या आन्तेनाती या इटलीच्या सरकारी दप्तरखान्यांच्या पोर्टलवर पान न् पान चाळल्या, लग्नाचा पत्ता नाही. तीन महिने रोज रात्री हाच उद्योग. नवरा म्हणाला, पळून जाऊन केलं असेल.

पळूनबिळून काही नाही. लग्न वधूच्या गावी झालं होतं, आणि हे मला आधीच सुचायला हवं होतं, कारण आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? वधूचं गाव कोणतं, हे मात्र जन्मनोंदीत नव्हतं. ते मिळालं 'नोतिफिकात्सिओनी'च्या वहीत. लग्नाआधी त्याची जाहीर सूचना गावच्या कचेरीच्या दारावर लावावी लागे, आणि वर-वधू दोन गावांचे असले तर दोन्हीकडे. म्हणजे लग्न परगावी झालं तरी वराच्या गावात सूचना उरतेच. १८३१ च्या सूचनांमध्ये विसाव्या मिनिटाला दोघं सापडली. विवाहांची वही रिकामी निघाली तर सूचनांची उघडा. मी ती 'दुय्यम' समजून सोडून दिली होती.

मग वधूच्या गावची 'प्रोचेस्सेत्ती' उघडली. ही लग्नाच्या अर्जाला जोडलेल्या कागदांची चळत. माझ्या मते सगळं घबाड इथेच आहे. नेपल्सच्या राज्यात (मोलिझे तेव्हा त्यातच) नागरी नोंदणी सुरू झाली १८०९ मध्ये (सिसिलीत तर १८२०), त्यामुळे त्याआधीचं काही मिळणार नाही असं धरून चालले होते. पण आमचा नवरदेव १८०७ चा. जन्माचा दाखला म्हणून पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याच्या वहीतून उतारा करून दिलेला! पुढचा कागद त्याहून भारी. पंचविशीच्या आतल्या मुलाला लग्नासाठी वडिलांची संमती लागे, वडील नसतील तर आजोबांची. इथे दोघंही हयात नव्हते, म्हणून दोघांच्याही मृत्यूचे उतारे जोडलेले. आजोबा वारले १७९६ मध्ये. एका लग्नाच्या चळतीने मला थेट अठराव्या शतकात नेऊन बसवलं. (आणि १८४८ ला वय ४० नाही, ४१ हवं. वयं अशीच अंदाजे सांगितलेली असतात, एक-दोन वर्षांवरून माणूस बाद करू नका.)

वडील नाहीत हे खरं तर सूचनेतच कळलं होतं. बापाच्या नावाआधी 'दी' असेल तर बाप जिवंत, 'फु' असेल तर कैलासवासी. आपलं 'कै.'च ते. ही दोन अक्षरं नीट टिपून ठेवली तर मृत्यूची वही कुठल्या वर्षापर्यंत शोधायची हे आपोआप ठरतं.

आता दोन चुका कबूल करते. पहिली: '७ब्रे' म्हणजे सातवा महिना समजून मी चार नोंदी जुलैत टाकल्या होत्या. तो सप्टेंबर. ८ब्रे ऑक्टोबर, ९ब्रे नोव्हेंबर, आणि रोमन दहाची फुली असेल तर डिसेंबर. सप्त, अष्ट, नव, दश पाठ असलेल्या मराठी माणसाने इथे चुकायला नको होतं. दुसरी चूक मोठी. त्या काळच्या विवाहवहीच्या पानावर दोन रकाने असतात. डावीकडे सिंदाकोसमोर, म्हणजे गावप्रमुखासमोर, लग्नाचं वचन दिल्याची तारीख. उजवीकडे चर्चमध्ये लग्न लागल्याची. मी सगळीकडे डावी तारीख उचलली होती. म्हणजे साखरपुड्याला लग्न म्हटल्यासारखं. अकरा जोडप्यांच्या तारखा रविवारी बसून दुरुस्त केल्या.

१८६६ पासूनच्या वह्यांचा घोळ निराळा. तिथे सरकारी लग्न आणि चर्चचं लग्न एकमेकांपासून तुटली, ती इटलीचं सरकार आणि चर्च यांच्यातल्या १९२९ च्या करारापर्यंत. चर्चमध्येच लग्न करून मोकळी झालेली जोडपी नागरी वहीत दिसत नाहीत. तो खड्डा मला अजून यायचाय.

वधूच्या कागदांत तिच्या आईचं नाव आलंय, माहेरच्या आडनावासकट. तिथे बाई जन्मभर, मृत्यूच्या दाखल्यातही, जन्माच्याच आडनावाने नोंदली जाते. आमच्या छापील कुलवृत्तांतात माझ्या पणजीचं फक्त सासरचं नाव आहे. माहेरचं आडनाव घरात कुणालाही सांगता येत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या मोलिझेतल्या शेतमजूर बाईचं मात्र मी आज वहीत लिहून ठेवलं.

पुढच्या महिन्यात त्या आईचं लग्न शोधायचं. १८०९ च्या आगेमागे असावं, म्हणजे कदाचित चर्चच्या वह्यांवरच भिस्त. आधी तिच्या मृत्यूची नोंद घेते.