कोलंबस, पण ओहायोतलं नाही

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

दिवाळी संपली तरी आकाशकंदील अजून पोर्चवर लटकतोय. मी काढायला स्टूल घेऊन गेले तर बाबा म्हणाले राहू दे गं, समोरचा एकटा पडेल. समोरचा म्हणजे समोरच्या घराच्या अंगणात उभा केलेला हॅलोविनचा सांगाडा, त्यांच्या गॅरेजच्या छपरापेक्षा उंच. तर सध्या आमच्या गल्लीत एका बाजूला कंदील आणि एका बाजूला सांगाडा आणि मधे मेपलची पानं, जी गोळा करणं हे माझं काम, कारण मी "घरीच असते".

फेब्रुवारीनंतर ही वही उघडलीच नव्हती, त्यामुळे मधलं भराभर उरकते. मार्चमध्ये शिकागोची नोकरी गेली. व्हिडिओ कॉल, अकरा मिनिटं, चाळीसेक चेहरे आणि सगळे म्यूटवर. मग दोन महिने अर्ज, अर्ज, अर्ज. मे अखेरीला लीज संपलं, रूममेटचं लग्न ठरलेलं, एकटीने भाडं झेपणार नव्हतं, म्हणून बाबा ट्रक घेऊन आले आणि आम्ही आय-६५ हायवे धरून खाली घरी, इंडियानातल्या कोलंबसला. लाफायेतच्या अलीकडे त्या पवनचक्क्या लागतात ना, नजर जाईल तिथवर, रात्री त्यांचे लाल दिवे सगळे एकदम लागतात आणि एकदम विझतात, कोणीतरी त्या अख्ख्या शेताला डोळे मिचकवायला शिकवल्यासारखे. त्याच पट्ट्यात घड्याळ एक तास पुढे जातं. बाबा म्हणाले, "गेला बघ एक तास." मी म्हटलं, "एकच?" पुढे बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

सप्टेंबरमध्ये रात्री स्टेट रोड ४६ वर हरीण आडवं आलं. मी ठीक, गाडीचा डावा दिवा आणि बंपर गेला, हरीण उठून मक्यात पळालं. इथे हरीण धडकल्याशिवाय माणूस पक्का इंडियानाचा होत नाही म्हणे, तर झाले बाई एकदाची. आणि या दिवाळीला पहिल्यांदा अनारसे केले, ते तेलात पडल्या पडल्या हसले, म्हणजे असे हसले की झाऱ्याने वेचून काढायची वेळ आली. आईने तो चुरा दुधात घालून खाल्ला आणि चव चांगली आहे म्हणाली. आई आहे शेवटी.

नोकरीचं म्हणाल तर ऑगस्टपासून सबस्टिट्यूट टीचर आहे. कोणी टीचर आजारी पडली की सकाळी पावणेसहाला फोन वाजतो, मी दात घासता घासता "येते" दाबते. आजीला पुण्याला फोनवर हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे बदलीवर लागलीस की!" माझे पणजोबा सोलापूरला गिरणीत बदली कामगार होते, रोज पहाटे दारात जाऊन उभं राहायचं, कोणी आलं नाही तर काम, नाहीतर घरी परत. मला वाटलं होतं आजीला वाईट वाटेल, तिला उलट ओळखीचं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागली, "आज लागला का नंबर?"

तर गुरुवारी, भाऊबीजेच्या दिवशी, नंबर लागला सातवीच्या गणिताला. टीचरने ठेवलेली चिठ्ठी एका ओळीची: बहुभुजाकृती, षटकोनाचं क्षेत्रफळ. पोरं अर्धी झोपलेली, एक जण हुडीत मान घालून बसलेला. मला काय सुचलं कोण जाणे, मी बोर्डवर षटकोन काढला, जरा चेपला, मधोमध एक लांबलचक सुई काढली आणि विचारलं, हे काय आहे? हुडीतून आवाज आला, "नॉर्थ ख्रिश्चन. माझ्या आजीचं लग्न तिथे झालं."

मग काय, तास तिथेच गेला.

लहान असताना आई त्या चर्चला उलटं नरसाळं म्हणायची. सहा बाजूंचं बसकं छप्पर आणि त्यातून वर गेलेला १९२ फुटांचा बारीक मनोरा. ईरो सारिनेन नावाच्या आर्किटेक्टचं हे काम, पण तो १९६१ ला वारला आणि चर्च पुरं झालं १९६४ ला, त्याने ते बघितलंच नाही. आणि गंमत म्हणजे त्याच्या वडिलांनी, एलिएल सारिनेननी, आमच्याच गावात पाचव्या रस्त्यावर आधी एक चर्च बांधलेलं, १९४२ चं, चौकोनी, सरळ उभा टॉवर, शाळेच्या फूटपट्टीसारखा. बापाचं एक, लेकाचं एक. लेकाच्या चर्चमधली मंडळी कमी कमी होत गेली आणि २०२२ मध्ये शेवटची प्रार्थना झाली, आता ती इमारत लायब्ररीकडे गेलीय. हुडीवाल्याला हे माहीत होतं. त्याची आजी त्या दिवशी रडली म्हणे.

बापाच्या चर्चसमोरची लायब्ररी आय. एम. पेईची, तोच तो, ज्याने पॅरिसला लूव्रपुढे काचेचा पिरॅमिड बांधला. आम्ही २००९ ला पुण्याहून इथे आलो तेव्हा मी दहा वर्षांची, इंग्लिश येत होतं पण इथलं कळत नव्हतं, आणि उन्हाळाभर मी त्या लायब्ररीत पडीक असायची. बाहेर हेन्री मूरची हिरवट ब्राँझची भलीमोठी कमान आहे. मी तिला हाड म्हणायचे, कारण ती खरंच चघळून टाकलेल्या हाडासारखी दिसते, आणि आत शिरून भिंतीला हात लावला की जूनमध्येसुद्धा एका बाजूने गार, एका बाजूने भाजणारी. हे सगळं जगात भारी वगैरे आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! मला वाटायचं प्रत्येक गावाला असंच एक हाड असतं.

गाव केवढं, तर पन्नास हजारांचं. चहूकडे मका आणि सोयाबीन. आणि आर्किटेक्ट लोकांच्या संघटनेने एकदा अमेरिकेतल्या शहरांचा नंबर लावला तर आमचा सहावा, शिकागो, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, बोस्टन, वॉशिंग्टनच्या मागोमाग. याचं कारण गावातल्या कमिन्स या डिझेल इंजिनांच्या कंपनीचे जे. आयर्विन मिलर. १९५० च्या दशकात गावात पोरं वाढली, शाळा कमी पडायला लागल्या, तेव्हा त्यांनी कंपनीच्या फाउंडेशनतर्फे सांगितलं की इमारत तुम्ही बांधा, पण आर्किटेक्ट आम्ही दिलेल्या यादीतला घ्या, त्याची फी आम्ही भरतो. आधी शाळा, मग फायर स्टेशनसुद्धा. स्वतःच्या नावाचा पुतळा उभारून मोकळे झाले असते तर कोण काय म्हणणार होतं? मला यातली हुशारी ही वाटते की इमारती दिल्या नाहीत, फक्त फी दिली, म्हणजे गावाला स्वतःचे पैसे घालावेच लागले आणि स्वतःचे पैसे घातले की माणूस निगा राखतो. (हे माझं मत. बाबांचं मत आहे की मिलर चांगले होते, संपलं.)

एवढं सांगून झाल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मिस, पण तुम्ही खऱ्या कुठल्या?"

हा प्रश्न मला सोळा वर्षं येतोय आणि मी दर वेळी आतून आवळली जाते. यावेळी मात्र उत्तर तयार होतं. म्हटलं, इथलीच, आणि त्याआधी पुण्याची, आणि माझ्या गावात तुमच्या गावातल्या एका ड्रायव्हरच्या नावाचं मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे.

वर्गात पहिल्यांदा शांतता.

खरंच आहे ना ते! क्लेसी कमिन्स हा इथल्या बँकवाल्या आयर्विन कुटुंबाचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. डब्ल्यू. जी. आयर्विननी त्याच्यातला कारागीर ओळखला, पैसे घातले आणि १९१९ मध्ये कंपनी निघाली, मग १९६२ मध्ये ती किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली, कोथरूडला. १९९१ मध्ये कर्वेनगरला कमिन्स कॉलेज सुरू झालं आणि माझी आई त्याच्या पहिल्या बॅचची. आज पुण्यात कुठल्याही रिक्षावाल्याला "कमिन्स कॉलेज" म्हणा, मीटर टाकतो. तो म्हणतो "कमिन्स" आणि त्याला ठाऊकही नसतं की आपण एका जातभाईचं नाव घेतोय, तोही गाडीच चालवायचा! पोरांना रिक्षा काय ते समजावताना घंटा वाजली, षटकोनाचं क्षेत्रफळ राहिलं ते राहिलंच. टीचरला चिठ्ठी लिहून ठेवली: चर्चेत वेळ गेला. खोटं नाही.

घरी येताना गाडीत हेच डोक्यात. शिकागोत पाच वर्षं कोणी गाव विचारलं की मी "इंडियानापोलिसजवळ" म्हणायचे. कोलंबस म्हटलं की समोरचा "ओह, ओहायो!" करायचा, मग नाही म्हणा, मग समजावा, मग तो "कॉर्न?" असं तोंड करणार, कशाला ती उठाठेव. पाच वर्षं गाव असं घडी घालून खिशात ठेवलं. आणि आता सातवीच्या पोरांपुढे मी मनोऱ्याची उंची सांगतेय फुटांत.

अर्थात गावात सगळं छान असं काही नाही. आठ वाजता डाउनटाउन झोपतं. माझ्या वयाची माणसं एकतर दोन पोरांची आईबाप किंवा निघून गेलेली. आईला बाहेर जेवायला म्हटलं तर अजूनही सगळीकडे ते पोर्क टेंडरलॉइन सँडविच, पावाच्या बाहेर चारी बाजूंनी पसरलेलं, पाव बिचारा टोपीसारखा मधे, आणि आमच्या मातोश्री शाकाहारी. त्या आईस्क्रीम खायला झाहराकोसला जातात फक्त. ते दुकान १९०० सालचं, ग्रीक भावांचं, संगमरवरी काउंटर, आणि एक जुना यांत्रिक ऑर्गन आहे, तो सुरू झाला की ढोल-झांजा सगळं आपोआप वाजतं. आई दर वेळी म्हणते, "गणपती आले."

येत्या शनिवारी शिकागोहून रूममेट येतेय, होणाऱ्या नवऱ्याला घेऊन. म्हणाली, तुझं ते हाड बघायचंय. मला आठवतही नाही मी तिला कधी सांगितलं होतं. फ्रिजवर लिस्ट लावली: नरसाळं, हाड, झाहराकोस, मिल रेस पार्कचा टॉवर (गुडघे साथ देतील तर), हायवेवरचा लाल कमानीचा पूल तर येतानाच दिसेल.

मघाशी पाणी प्यायला गेले तर लिस्टच्या वर बाबांच्या अक्षरात, मराठीत, एक ओळ वाढलीय: "आधी इंजिन." कमिन्सच्या हेडऑफिसात एक अख्खं डिझेल इंजिन सुटं करून हवेत टांगलंय, प्रत्येक नट-बोल्ट आपापल्या जागेपासून थोडा लांब, जसं कोणी एकदम श्वास सोडावा आणि सगळं फाकावं. २००९ च्या त्या पहिल्या आठवड्यात बाबांनी मला त्याखाली उभं करून एकेक भाग ओळखायला लावला होता. पिस्टन ओळखला की एक चॉकलेट. मला दोनच मिळाली होती.

त्या होणाऱ्या नवऱ्याला आधीच मेसेज करून ठेवते, पिस्टन तेवढा बघून ये म्हणावं.