सिमेंट मारून टाका!

“एकदाच सिमेंट मारून टाकायचं ना, कटकट संपली!” गामदेवीत मणिभवनसमोर आज कुणीतरी जुन्या भिंतींच्या ओलीबद्दल म्हणालं. १९१७ ते १९३४ गांधीजींचा मुंबईतला मुक्काम याच घरात. १९३२ च्या जानेवारीतली अटकही इथलीच.

ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

चुन्यात बांधलेली जुनी भिंत पावसाळ्यात ओल पिते, मग हळूहळू सोडते. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, विटेचा भुगा होतो. बाहेरून मात्र भिंत चकाचक!

सिमेंट छिन्नीनेच काढायचं. भिंत वाळली की चुन्याचा गिलावा: मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग. थर सेंटिमीटरभरच, जाड दिला की तडकतो. वर काही दिवस ओलं गोणपाट.

चुन्यात हात बसलेला गवंडी आहे का कुणाच्या ओळखीत?