शंभर टक्के पूर्ण, आणि तरी नापास

बदल एका शब्दाचा होता. मेमरी कार्डावर जी फाइल तयार होत होती, तिचं नाव बदलायचं होतं, बस. ईएसपी३२ या छोट्या संगणक-चिपचा (मायक्रोकंट्रोलरचा) बोर्ड ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता तारा खोचायच्या भोकांच्या पाटीवर बसलेला, त्याला एक छोटा डिस्प्ले, एक तापमानाचा सेन्सर आणि नुकतंच जोडलेलं कार्डाचं मॉड्यूल. सगळं छान चाललं होतं. दर मिनिटाला कार्डावर एक नोंद पडत होती आणि ती डिस्प्लेवर उमटताना बघून मी स्वतःवर खूश होते. प्रोग्राममध्ये नाव बदललं, तो संगणकावरून बोर्डात पाठवायचं अपलोडचं बटण दाबलं. टक्केवारी शंभरपर्यंत गेली आणि तिथे लाल अक्षरांत 'फेटल एरर'.

पुन्हा दाबलं. तेच. तिसऱ्यांदा दाबलं, जणू बोर्डाचं मन वळेल.

त्या लाल अक्षरांच्या पुढे आणखी सहासात शब्द होते. ते मी वाचले नाहीत. लाल रंग दिसला, की माझं वाचन तिथेच थांबतं. मी सरळ केबल बदलली, कारण केबल बदलायला डोकं लागत नाही.

खणात एक पातळशी पांढरी केबल सापडली. ती लावली आणि आता तर पोर्टच, म्हणजे संगणकावर बोर्डाची जी जागा दिसते तीच, गायब झाला. मघाशी निदान शंभर टक्क्यांपर्यंत गाडी जात होती, आता संगणकाला बोर्ड दिसेचना. बोर्डावरचा लाल दिवा मात्र व्यवस्थित पेटलेला. दिवा पेटलाय म्हणजे केबल ठीक आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि पुढचा तासभर त्याच निष्कर्षाच्या नादाने वाया घालवला. बोर्ड आणि यूएसबी यांच्यात दुभाष्याचं काम करणाऱ्या सीपी२१०२ चिपचा ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला, संगणक दोनदा बंद-चालू केला, यूएसबीची सगळी भोकं पालथी घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

शेवटी वैतागून त्याच केबलने फोन संगणकाला जोडला. फोन चार्ज व्हायला लागला, पण त्यातल्या फाइली काही दिसेनात. तेव्हा उजेड पडला. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या दोन नसतातच. त्यामुळे दिवा पेटतो, पण संभाषण होत नाही. जुनी केबल परत लावली, पोर्ट आला, अपलोड केलं, शंभर टक्के आणि फेटल एरर. म्हणजे दीड तास खपून मी जिथून निघाले तिथेच परत आले होते. पांढऱ्या केबलला लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे. फेकून द्यायला जीव होत नाही.

पुढचा उपाय 'बूट' लिहिलेल्या बटणाचा. ईएसपी३२ अडला की जो तो सांगतो, बूट दाबून धर. हा उपाय खोटा नाही. रीसेटच्या क्षणी शून्य क्रमांकाची पिन खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे, ओढलेली असली, तर चिप नेहमीचा प्रोग्राम न चालवता नवा प्रोग्राम घ्यायच्या तयारीत उभी राहते. एरवी हे काम यूएसबीच्या चिपकडून येणाऱ्या डीटीआर आणि आरटीएस या दोन तारा आणि बोर्डावरचे दोन ट्रान्झिस्टर मिळून करतात. त्यांची वेळ चुकली की 'कनेक्टिंग' पुढे ठिपके वाढत जातात आणि अखेर टाइम-आउट होतो. मग एकतर बूट दाबून धरायचं किंवा ईएन (चिप रीसेट करणारी) पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा. मी दोन्ही केलं. माझ्याकडे ठिपके मुळात येतच नव्हते, कनेक्शन पहिल्या फटक्यात होत होतं, ही गोष्ट मला तेव्हा महत्त्वाची वाटली नाही. ताप नसलेल्या माणसाला तापाची गोळी दिली आणि उतार पडत नाही म्हणून चिडले.

आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून ती ओळ वाचली. तिचा अर्थ असा, की फाइलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठसा) फ्लॅशमधल्या, म्हणजे बोर्डावर प्रोग्राम जिथे साठतो त्या मेमरीतल्या, डेटाशी जुळत नाही. अपलोड करणारं साधन पाठवलेल्या फाइलचा एक ठसा काढतं, मग चिपला सांगतं की फ्लॅशमध्ये जे उतरलं त्याचा ठसा दे, आणि दोन्ही ताडून बघतं. इथे ठसे वेगळे येत होते. म्हणजे संगणक, केबल, ड्रायव्हर, यूएसबीची चिप, खुद्द मायक्रोकंट्रोलर, सगळे आपापलं काम चोख करत होते. फक्त लिहिलेलं फ्लॅशमध्ये टिकत नव्हतं.

झालं, फ्लॅश मेली, असं मी जाहीर करून टाकलं. पण या फ्लॅश चिप साधारण १,००,००० वेळा पुसून लिहिण्याइतक्या टिकाऊ धरतात. रोज शंभर वेळा अपलोड केलं तरी त्याला पावणेतीन वर्षं लागतील. माझी चिकाटी एवढी नाही.

हार्डवेअरमध्ये मुरलेल्या एका मित्राला फोन लावला. सगळी कहाणी ऐकून त्याने विचारलं, "बोर्ड सुटा करून बघितलास का?"

"नाही."

"मग इतका वेळ काय बघत होतीस?"

याला उत्तर नव्हतं. बोर्ड ब्रेडबोर्डवरून उपटला, नुसता केबलला लावला, अपलोड केलं. एका दमात गेलं. परत ब्रेडबोर्डवर बसवला आणि पुन्हा नापास. आता निदान गुन्हेगार कुठल्या घरात लपलाय ते कळलं होतं.

तारा एकेक करून काढायला घेतल्या. आधी डिस्प्ले, मग सेन्सर. फरक नाही. मग कार्डाच्या मॉड्यूलची विजेची तार काढली आणि अपलोड झालं! मी मित्राला विजयाचा मेसेजही टाकला, की कार्ड जास्त करंट खातंय, व्होल्टेज पडतंय. मॉड्यूलला वेगळा ३.३ व्होल्टचा पुरवठा दिला, ग्राउंड एकत्र केलं, अपलोड दाबलं. नापास. मेसेज मागे घ्यायची वेळ टळून गेली होती.

मग मॉड्यूलच्या उरलेल्या तारा. क्लॉकची काढली, नापास. मोसीची, म्हणजे जिच्यावरून बोर्ड कार्डाशी बोलतो ती काढली, नापास. चिप सिलेक्टची, म्हणजे 'आता तुझ्याशी बोलतोय' असं कार्डाला सांगणारी काढली, नापास. उरली मिसो, म्हणजे ज्या तारेवरून कार्ड बोलतं आणि बोर्ड फक्त ऐकतो. ती काढली आणि प्रोग्राम गेला. तीनदा लावून-काढून खात्री केली. जी तार बोर्डाला काही सांगायला प्रोग्राम चालू झाल्यावरच वापरली जाते, ती प्रोग्राम लिहूच देत नव्हती.

या टप्प्यावर सीरियल मॉनिटर, म्हणजे बोर्ड जे छापतो ते संगणकावर दाखवणारी खिडकी, उघडला, ११५२०० च्या वेगावर. हे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं. तार लावलेली असताना बोर्ड सारखा रीसेट होत होता आणि दर खेपेला तीच तक्रार छापत होता: फ्लॅश रीड एरर, १०००. तिच्या वर 'बूट' या शब्दापुढे हेक्समधला (सोळाच्या पटीत मोजलेला) आकडा, ३३. तार काढल्यावर त्याच जागी १३.

हा आकडा म्हणजे रीसेटच्या क्षणी बोर्डाने काही ठरावीक पिनांकडे टाकलेली नजर असते. ईएसपी३२ मध्ये ०, २, ५, १२ आणि १५ या पिना अशा आहेत, की चिप जागी होताना त्या वर आहेत की खाली हे बघून ती स्वतःची मांडणी ठरवते. यांना स्ट्रॅपिंग पिन म्हणतात. ३३ आणि १३ मध्ये हेक्समधल्या २० चा फरक, आणि तो बिट, म्हणजे त्या आकड्यातला हो-नाहीचा खाना, असतो १२ क्रमांकाच्या पिनेचा. माझी मिसो १२ वरच होती. पिन मी काही मनाने निवडली नव्हती. डिस्प्ले, कार्ड अशा वस्तूंशी एसपीआय नावाच्या तारांच्या जोडणीवरून बोलायला ईएसपी३२ मध्ये व्हीएसपीआय आणि एचएसपीआय असे दोन संच आहेत. डिस्प्लेने व्हीएसपीआय घेतलं होतं, म्हणून कार्डाला एचएसपीआय दिलं, आणि त्याची ठरलेली मिसो १२ च आहे.

१२ च्या हातात काय आहे, तर फ्लॅशचं व्होल्टेज. जागं होताना ही पिन खाली असेल तर फ्लॅशला ३.३ व्होल्ट मिळतात, वर असेल तर १.८. काही मॉड्यूलांमध्ये १.८ व्होल्टची फ्लॅश बसवलेली असते, त्यांच्यासाठी ही सोय. माझ्या बोर्डावरची ३.३ ची. तिला अर्धपोटी ठेवून वर पाठांतर करायला लावलं जात होतं.

कार्डाचं मॉड्यूल भिंगाखाली धरलं. मिसोच्या रेघेवर एक इवलासा रेझिस्टर, वर १०३, म्हणजे दहापुढे तीन शून्यं, १० किलोओहम, आणि त्याचं दुसरं टोक विजेला. बोर्डाच्या आतही १२ ला खाली ओढणारा रेझिस्टर आहे, पण तो साधारण ४५ किलोओहमचा. रस्सीखेच कोण जिंकणार हे उघड होतं. मल्टिमीटर लावला तर २.७ व्होल्टच्या आसपास, आणि ३.३ च्या तीनचतुर्थांशाच्या वर गेलं की चिप ते 'वर' धरते. विजेची तार काढल्यावर अपलोड का झालं होतं तेही यात आलं. रेझिस्टरला ओढायला वर काही उरलंच नव्हतं.

मग आधी सगळं चालत कसं होतं? इथे एक कबुली द्यावी लागेल. मला बोर्ड चालू असतानाच तारा जोडायची वाईट खोड आहे. कार्डाचा प्रोग्राम मी मॉड्यूल जोडायच्या आधीच टाकला होता. कार्ड सापडेपर्यंत तो दर पाच सेकंदांनी शोधत राहायचा. तारा खोचल्या, कार्ड सापडलं, नोंदी सुरू झाल्या. पिन १२ कडे बोर्ड बघतो ते फक्त रीसेटला, आणि रीसेट मी केलाच नव्हता. तो पहिल्यांदा झाला अपलोडच्या वेळी. मध्येच वीज गेली असती, तर हे कोडं आणखी विचित्र रूपात समोर आलं असतं.

उपाय दोन होते. एक म्हणजे ईफ्यूज, म्हणजे चिपमधली एकदाच बदलता येणारी खूण, जाळून फ्लॅशचं व्होल्टेज कायमचं ३.३ वर बांधून टाकायचं, म्हणजे १२ मोकळी होते. पण जाळलेला ईफ्यूज परत येत नाही, आणि त्या रात्रीच्या माझ्या मनःस्थितीत मी काहीही कायमचं करू नये हे मला कळत होतं. दुसरा उपाय तार हलवायचा. ईएसपी३२ मध्ये एसपीआयच्या रेघा जवळपास कुठल्याही पिनेवर नेता येतात, मी मिसो २७ वर नेली. प्रोग्राममध्ये एक आकडा बदलला, अपलोड केलं. शंभर टक्के, हिरवा मजकूर, सीरियल मॉनिटरवर बूट १३. बोर्डावर १२ च्या शेजारी पांढऱ्या शाईने बारीक ठिपका काढून ठेवला.

कार्ड काढून फाइल बघितली. नवीन नावात एक अक्षर चुकलं होतं.