तुम्ही विचारलंत म्हणून: नोटिशीतून काढलेली कविता कुणाची?

प्रश्न साधारण असा येतो. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस घ्यायची, त्यातले मोजके शब्द ठेवायचे, बाकीच्यांवर काळं फासायचं आणि ते ऑनलाइन रोजवहीत कविता म्हणून टाकायचं. यात तुमचं काय? सोलापुरात हाच प्रश्न कमी शब्दांत येतो: "हे तर मीबी करतो की बे!"

करून बघाच. पहिल्या अर्ध्या तासातच मराठी अडून बसते. ती कुठे अडते हे कळलं की "तुमचं काय" याचं निम्मं उत्तर हाती येतं.

आधी नमुना. जागेच्या खरेदीआधी वकील देतात ती नोटीस सगळ्यांच्या ओळखीची आहे. मजकूर ठरलेला, नावं आणि गट नंबर तेवढे बदलतात:

"तमाम लोकांस कळविण्यात येते की, खालील वर्णनाची मिळकत आमच्या अशिलांनी कायम खरेदी घेण्याचे ठरविले आहे. सदर मिळकतीवर कोणाचाही बोजा, गहाण, दान, वारसा, पोटगी अगर अन्य हक्क असल्यास ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून 15 दिवसांचे आत योग्य त्या कागदपत्रांसह लेखी कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास कोणाचाही हक्क नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल."

यातला क्रम न मोडता, एकही नवा शब्द न घालता:

दान, वारसा,
हक्क असल्यास
15 दिवसांचे आत
लेखी कळवावे.
न आल्यास
कोणाचाही नाही
असे समजून
व्यवहार पूर्ण केला जाईल.

52 शब्दांतले 19 राहिले. पण कविता झाली ती एका शब्दाच्या जाण्याने. शेवटच्या वाक्यात "कोणाचाही हक्क नाही" आहे. त्यातला "हक्क" उडवला की बोलणं जमिनीवरून उठतं आणि माणसावर येऊन बसतं. "दिवसांचे आत" हे जुनं कचेरीतलं वळण मात्र तसंच ठेवायचं. ते "दिवसांच्या आत" असं सुधारायला गेलात की नोटिशीचा कोरडा आवाज गेला, आणि या कवितेत त्या आवाजाशिवाय दुसरं आहे काय?

आता मराठी अडते ती जागा. आपले प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात, त्यामुळे प्रत्येक शब्द आपल्या शेजाऱ्याची खूण अंगावर वागवतो. वरच्या नोटिशीतला "वर्णनाची" उचलून पाहा. तो "-ची" स्त्रीलिंगी नाम मागतो, नाहीतर नपुंसकलिंगी अनेकवचन. "मिळकत" खोडली तर पुढे "खरेदी" पर्यंत थांबावं लागेल. "वर्णनाची खरेदी" चालतं, "वर्णनाची बोजा" चालत नाही. "आमच्या" ला बहुधा सामान्यरूप लागतं, म्हणजे "मिळकतीवर" किंवा "कागदपत्रांसह". आणि शब्दाच्या आत कात्री चालवून "मिळकतीवर" मधला "वर" तोडला, तर "मिळकती" उरते ती अनेकवचन होऊन. कधी हे फावतं, बहुतेक वेळा फसतं. "पाण्याच्या" मधून "च्या" काढलात तर "पाण्या" हा लंगडा शब्द उरतो, त्याला कुठेच उभं करता येत नाही.

दुसरी अडचण क्रियापदाची. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं आणि लिंग-वचन घेऊन बसतं. एका वाक्यातली कर्ती आणि तिसऱ्या वाक्यातलं "केला जाईल" जुळत नाही. म्हणून पेन हातात घेण्याआधी मजकुरातली सगळी क्रियापदं पेन्सिलीने गोलात घ्यावीत आणि कविता शेवटाकडून मागे रचत जावी. क्रियापद ठरलं की त्याला चालणारी नामं किती उरली ते दिसतं. नवखी मंडळी वरून सुरू करतात, पहिल्या तीन ओळी झकास जमवतात आणि चौथीत क्रियापद न सापडल्यामुळे सगळं टाकून देतात. शासकीय मजकुरातली "कळवावे, भरावे, घ्यावी, होईल" ही कर्ता गाळलेली क्रियापदं त्यासाठी फार सोयीची. ती कुणालाही उद्देशून वाचता येतात.

सामानाचं थोडक्यात. मूळ कात्रणावर काम करू नका. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, मार्करची शाई पलीकडे उतरते आणि कागद काही महिन्यांत पिवळा पडतो. कात्रण ए-फोर पानावर ठेवून झेरॉक्सवाल्याला 141 टक्के सांगा, ए-थ्री कागदावर मोठी प्रत मिळते. मोठी प्रत घ्यायचं खरं कारण देवनागरीत आहे. छापील स्तंभात ओळी इतक्या दाटीने असतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. जाड मार्कर फिरवला की ठेवलेल्या शब्दाची वेलांटी किंवा अनुस्वार जातो आणि "आंत" चं "आत" होतं. आधी ठेवायच्या शब्दाभोवती बारीक काळ्या पेनाने चौकट काढा, वर-खाली दोन मिलिमीटर मोकळे सोडा, मग बाहेरचं जाड मार्करने भरा. खाली जुनं कॅलेंडर ठेवा. चिकटवायचं असेल तर ग्लू स्टिक. पातळ डिंकाने कागद फुगतो आणि फोटोत सुरकुत्यांच्या सावल्या येतात. कापताना शिरोरेषेच्या वर मात्रेएवढी जागा राहू द्या.

लांबीचा माझा अंदाज असा: 300 ते 400 शब्दांच्या मजकुरातून 20 ते 40 शब्द ठेवावेत. त्याहून जास्त राहिले तर ती बातमीच राहते.

पिशवीची रीत बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. ट्रिस्टन झारा या 'दादा' नावाच्या कलाचळवळीतल्या कवीने 1920 साली तिची कृतीच लिहून दिली: लेख घ्या, शब्द कापा, पिशवीत घालून हलवा, निघतील तसे उतरवा. ती मराठीत जशीच्या तशी करू नका. सुटे शब्द काढले तर विभक्त्यांचा ढीग हाती लागतो. त्याऐवजी तीन-चार शब्दांचे तुकडे कापा, तीन वेगवेगळ्या ठिकाणचे वीस-वीस. आपल्याकडे वाक्यातला क्रम बराच सैल असल्याने तुकडे उलटसुलट पडले तरी तग धरतात. साठातले दहा-बारा ठेवा, बाकीचे खुशाल टाका. पिशवीने दिलं म्हणून सगळं ठेवायचं, ही मला आळशीपणाची सबब वाटते. टॉम फिलिप्स या इंग्रज चित्रकाराने 1966 मध्ये 1892 सालची एक जुनी कादंबरी विकत घेतली आणि तिच्या पानांवर रंग भरत, मोजके शब्द राखत पन्नास वर्षं काम केलं. पानं पुन्हा पुन्हा नव्याने केली. निवड म्हणजे काय ते तिथे दिसतं.

मजकूर कुठला घ्यावा? कवितेसारखा मजकूर घेऊ नये, एवढंच. ललित लेखातून काढलेली कविता त्या लेखकाच्या उसन्या गोडव्यावर जगते. कोरडा, कामाचा मजकूर उत्तम. सोलापुरात त्याला तोटा नाही. मार्केट यार्डातला कांद्याचा भाव: आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. यंत्रमागाच्या कारखान्यातली हिशोबवही, जिच्यात ताणा, बाणा, कांडी, धोटा रोज येतात. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाची बातमी. विडीच्या पुड्यावरचा इशारा. एसटी स्टँडवरच्या सूचना. पूर्व भागातल्या पाट्यांवर मराठीशेजारी तेलुगू असते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. अशा पाट्यांची कविता करताना दुसऱ्या भाषेतला शब्द तिच्याच उच्चाराने ठेवा आणि अर्थ त्या भाषेच्या माणसाला विचारून घ्या. नुसत्या नादासाठी उचललेला शब्द भलतंच काही बोलून जातो.

सगळ्यांत श्रीमंत कागद मात्र सातबारा. त्यात शब्दांच्या पोटात शब्द आहेत. "उतारा" मध्ये तारा. "फेरफार" मध्ये फेर आणि फार. "भोगवटादार" मध्ये भोग आणि दार. "पोटखराबा", म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, फोडली की पोट, खरा, बा. वर्तमानपत्रातही हे सापडतं: "जाहिरात" मध्ये हिरा आहे आणि रातही, "नवजात" मध्ये वजा. मात्र अक्षराच्या सीमेवरच कापायचं. जोडाक्षर मधून चिरलं की वाचणारा अडखळतो. आणि एका कवितेत अशी फोड एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा ते शब्दकोडं होतं.

तिसरी रीत गोधडीची. वेगवेगळ्या कवींच्या ओळी घेऊन नवी कविता शिवायची. लॅटिनमध्ये तिला सेंतो म्हणत, आणि त्या शब्दाचा अर्थ खरोखरच ठिगळांचं कापड, आपली वाकळ. चौथ्या शतकातल्या ऑसोनियसने व्हर्जिलच्या ओळी जोडून केलेली अशी रचना प्रसिद्ध आहे. इथे कायदा आडवा येतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क टिकतो. केशवसुत (1905), बालकवी (1918), तांबे (1941), मर्ढेकर (1956) यांच्या ओळी आज मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज 1999 साली गेले, म्हणजे त्यांच्या ओळींसाठी 2059 अखेरपर्यंत परवानगीचा प्रश्न राहतो. पेशवाईतले शाहीर राम जोशी सोलापूरचेच, त्यांच्या लावण्यांतल्या ओळी कुणीही शिवाव्यात. पण त्या ओळी शब्दांनी इतक्या भरलेल्या असतात की एका वाकळीत दोनपेक्षा जास्त बसत नाहीत, शेजारची ओळ दबते. न्यायालयाचे निकाल, कोर्टाने मनाई केली नसेल तर, उतरवून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. फक्त त्यातली माणसं खरी असतात हे विसरू नका.

हे विसरलं जातं ते ऑनलाइन टाकताना. फोनमधला हायलायटर काळा निवडला तरी अर्धपारदर्शक असतो. फोटोचा उजेड वाढवला की खालचं नाव आणि मोबाईल नंबर वाचता येतो. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर तसाच राहतो आणि कॉपी करता येतो. म्हणून काळं करायचं ते कागदावर, नाहीतर पट्टी ओढलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन तोच वापरायचा. निधनवार्तेतून कविता करायची असेल तर घरच्या कागदी वहीत करा, बाहेर काढू नका. शहर मोठं दिसतं, पण पेठेतल्या माणसाला दोन ओळींत पेठेतलं घर ओळखू येतं.

फोटोसोबत कविता टाइप करून द्या. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन फोटोतले खोडलेले शब्द भलतेच वाचून दाखवेल. ई-पेपरमधून मजकूर कॉपी करायला जाल तर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमुळे रोमन अक्षरांचा कचरा येतो. वेळ घालवू नका, हाताने टाइप करा. प्रत्येक ओळीनंतर नुसतं एंटर दाबलं की बऱ्याच ठिकाणी नवा परिच्छेद होतो आणि ओळी फाकतात. शिफ्ट धरून एंटर दाबा. मोबाईलवर लांब ओळ मोडून खाली पडते, त्यामुळे पाच-सहा शब्दांपुढे ओळ जाऊ देऊ नका, किंवा टाकण्याआधी स्वतःच्या फोनवर उघडून बघा.

याच ऑनलाइन वहीत स्वतःच्या शब्दांतल्या कविताही टाकाव्यात का, हा जोडप्रश्न. टाकाव्यात, पण दोन गोष्टी सांभाळून. एक, बरीच मासिकं आणि दिवाळी अंक अप्रकाशित कविता मागतात, आणि सर्वांना दिसेल अशा पानावर टाकलेली कविता अनेक संपादक प्रकाशित धरतात. पाठवायच्या कविता पाठवून होईपर्यंत वहीबाहेर ठेवा. दोन, घरच्यांवरची कविता लिहिली त्या रात्री टाकू नका. आठ दिवसांनी वाचल्यावर त्यात भांडण उरलं असेल तर ते भांडण आहे. सापडलेल्या शब्दांवर हात बसला की स्वतःच्या कवितेतली विशेषणं आपोआप कमी होतात. उसन्या मजकुरातलं विशेषण खोडताना जीव तुटत नाही, आणि ती सवय लागते.

राहिलं ते तुमच्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं. सोलापुरी चादर उलटी केली तरी नक्षी तीच असते, रंग तेवढे आलटून-पालटून येतात. लोक दुकानात ती उलटून बघतात ते उगाच नाही. नोटिशीतल्या कवितेचंही तसंच, वाचणाऱ्याला मागची बाजू उलटून बघता आली पाहिजे. ती लपवली की ती चोरी होते, आणि शिवाय कवितेची अर्धी मजा जाते, कारण "कोणाचाही नाही" हे वकिलाच्या तोंडून आलंय हेच तर त्यातलं जहाल आहे. त्यासाठी खाली एक ओळ पुरते. कुठला मजकूर, किती शब्दांतले किती, क्रम राखला की मोडला, बाहेरून काही घातलं का. वरच्या कवितेखाली ती अशी येईल:

मूळ: जागा-खरेदीची जाहीर नोटीस, नेहमीचा मसुदा. 52 पैकी 19 शब्द. क्रम मूळचा. नवा शब्द नाही. ओळी माझ्या.