सातबारा कशाला?

“महारेरा क्रमांक आहे म्हटल्यावर सातबारा कशाला काढायचा?” पुण्याच्या पूर्वेकडील एका नव्या प्रकल्पाच्या विक्री कार्यालयात आज हे वाक्य इतक्या सहजपणे ऐकायला मिळाले, की सोबत आलेला भाचा टोकनचा धनादेश लिहायला बसलाच होता. (महारेरा म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणारे राज्याचे नियामक प्राधिकरण.)

मोबाइलवर महाभूलेख हे जमिनीच्या नोंदींचे सरकारी संकेतस्थळ उघडले. सातबाऱ्यावरील इतर अधिकारांच्या रकान्यात एका सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि मूळ मालकाच्या दोन बहिणींची नावे होती. “बहिणींनी हक्क सोडलाय हो,” असे विक्री कार्यालयातले गृहस्थ म्हणाले. मात्र हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का, त्याचा फेरफार (महसुली दप्तरातील बदलाची नोंद) मंजूर झाला का, या प्रश्नांवर त्यांच्याकडे चहाखेरीज उत्तर नव्हते.

जमिनीची मालकी सदोष निघाल्यास गृहप्रकल्पांचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार विकासकाकडून भरपाई मागता येते आणि त्या दाव्याला मुदतीचे बंधन नाही, हे खरे. परंतु तोवर गृहकर्जाचे हप्ते काही थांबत नाहीत. त्यापेक्षा जमिनीच्या मालकीच्या मागील 30 वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्या शोध अहवालासाठी वकिलाला दिलेली फी केव्हाही स्वस्त, आणि हा वकील आपणच नेमलेला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्ही घर घेताना स्वतःचा वकील नेमला होता, की विकासकाच्याच वकिलाचा अहवाल मान्य केला होता?