छेद

शुक्रवार, 1 मार्च 2024

महिन्याचा अहवाल भरला. एका आरोग्य उपकेंद्राचं पेंटाच्या, म्हणजे बाळांच्या पाच रोगांवरच्या एकत्र लशीच्या, पहिल्या डोसचं काम 104 टक्के निघालं. सिस्टर खूश. मीही गप्प बसलो. बैठकीत 104 वाल्याचं नाव कौतुकानं घेतलं जातं आणि 88 वाल्याला खुलासा लिहावा लागतो, हे तिलाही माहीत आणि मलाही. पण शंभरातल्या एकशे चार पोरांना लस टोचली कशी, हे मी नोकरीला लागल्यापासून त्या बैठकीत कुणी विचारलेलं आठवत नाही.

उत्तर अवघड नाही. उपकेंद्राची लोकसंख्या 5,000 धरायची, हजारी 15 जन्मदर लावायचा, वर्षाची 75 बाळं. एप्रिल ते फेब्रुवारी अशा अकरा महिन्यांच्या हिशेबानं 69. टोचली 72. ती 5,000 लोकसंख्यासुद्धा 2011च्या जनगणनेवरून दरवर्षी थोडी थोडी वाढवत आणलेली. या तेरा वर्षांत गावाला चिकटून नवी वस्ती झाली, निम्मी तरणी पोरं पुण्याला गेली, वीटभट्ट्या तीनाच्या सात झाल्या. कागदाला त्यातलं काही ठाऊक नाही.

त्यात आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ जन्मलं की बीसीजी, पोलिओचा झिरो डोस, काविळीची लस हे सगळं माहेरच्या दवाखान्यात. दीड महिन्याचा पेंटाही बहुतेक तिथंच. मग बाळंतीण सासरी जाते आणि अडीच महिन्याच्या डोसाला आमच्या वहीत त्या बाळापुढं लाल पेनानं ‘स्थलांतरित’ येतं. सासरच्या वहीत त्याचं नावच नसतं, कारण लशीचं कार्ड आजीच्या ट्रंकेत राहिलेलं असतं. म्हणजे आमचा पहिला डोस 104 आणि तिसरा 90. शंभरामागची मधली चौदा पोरं कुठं गेली? तर सासरी. तिथं डोस मिळाला का? सिस्टर चिकाटीची आहे, फोन करते: “ताई, बाळाला अडीच महिन्याचं इंजेक्शन दिलं का?” पलीकडून सासू फोन घेते आणि म्हणते, “कोण बोलतंय?”

शाळेत गुरुजी अंश-छेद शिकवायचे तेव्हा छेद खाली म्हणून दुर्लक्षच व्हायचं. आता कळतं, आमचं सगळं खातं त्या खालच्या आकड्यावर उभं आहे.

रविवार, 3 मार्च

पोलिओ रविवार. पहाटे साडेपाचला आयएलआर, म्हणजे लशीचा फ्रीज, उघडला, कॅरिअर भरले, आइसपॅक घातले, कुपीवरचे चौकोन तपासले. वर्तुळाच्या आतला चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिका असला की लस चांगली. हे मी हजारदा सांगितलंय, तरी दर बूथवर एक तरी नवीन स्वयंसेवक कुपी उन्हात धरून विचारतोच, “सर, हा चालेल ना?” त्याला उन्हातून आत आणणं हे पहिलं काम.

जिल्हा परिषदेच्या शाळेतला बूथ दुपारपर्यंत गजबजलेला. करंगळीला शाई लागली की पोरं एकमेकांना दाखवतात. एका पोरानं दोन्ही करंगळ्या पुढं केल्या, डाव्या हाताला लागली होती म्हणून उजव्यालाही हवी. एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन आले. त्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा मोठा वण. नातू त्यावर बोट फिरवत होता.

कुणी हटकून विचारतंच: “आता कुठं राहिलाय पोलिओ? अजून किती वर्षं पाजणार?” प्रश्न वावगा नाही. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. त्याच्या दोनच वर्षं आधी, 2009 मध्ये, देशात 741 रुग्ण होते, जगातल्या एकूण रुग्णांच्या जवळजवळ निम्मे. 27 मार्च 2014 ला आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. या महिन्यात त्याला दहा वर्षं होतील. मी उत्तर देतो, “शेजारच्या देशांत अजून आहे, आजोबा.” पाकिस्तान, अफगाणिस्तान म्हटलं की लोक मान डोलवतात. खरं उत्तर लांबलचक आहे आणि रांगेत उभ्या माणसाला सांगण्यासारखं नाही.

सोमवार, 4 मार्च

घरोघरीचा पहिला दिवस. गावातली टीम सिस्टरच्या हवाली केली आणि मी आशाताईला घेऊन साखर कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोड टोळ्यांकडं गेलो.

आमचा कृष्णाकाठ दिवाळीनंतर दुप्पट भरतो. बीडकडची माणसं येतात, पाटोद्याची, आष्टीची, कुणी धारूरची. नवरा-बायकोच्या जोडीला इथं ‘कोयता’ म्हणतात. मुकादम कोयते मोजतो. पोरं कुणीच मोजत नाही.

कोप्यांची, म्हणजे टोळ्यांच्या झोपड्यांची, एक गंमत आमच्या खात्याला अजून उमगलेली नाही. नियम असा, की ज्या घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला त्या भिंतीवर ‘पी’ लिहायचं, एखादं राहिलं तर ‘एक्स’. आणि कोपीला भिंत कुठाय? चार वाकवलेले बांबू, वर ताडपत्री, बाजूला पाचट. खडू उमटत नाही. आशाताईनं पूर्वी एकदा कोळशानं ताडपत्रीवर ‘पी’ काढला होता. दुसऱ्या दिवशी टोळीनं फड बदलला आणि आमचा ‘पी’ घडी होऊन ट्रॅक्टरवर चढला.

साडेअकराला पोचलो तेव्हा अड्ड्यावर बायका नव्हत्याच, पहाटेपासून फडात. एक सात-आठ वर्षांची मुलगी चार धाकट्यांना सांभाळत होती. सगळ्यांना थेंब पाजले, शाई लावली. टॅली शीटवर चार रेघा. कुणालाही चालेल असं काम. पण नेहमीच्या लसींचं काय? कार्ड मागितलं तर मुलगी आत जाऊन आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन आली.

मग फडात गेलो. बाई मोळी बांधता बांधता बोलत होती.

“लेकरू कवा झालं?”

“पट्टा पडायच्या आदल्या हप्त्यात.”

“मागच्या हंगामात?”

“व्हय.”

पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला. मागच्या हंगामात कारखाना मार्चच्या मधेच बंद झाला होता. म्हणजे पोर वर्षाचं होत आलं. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस राहिलेली. अशी कुठली ना कुठली लस राहिलेली अकरा पोरं निघाली. पेंटाचा एकही डोस नसलेली त्यात चार. आमच्या भाषेत ‘झिरो डोस’. या अकरांपैकी एकही जीव आमच्या उद्दिष्टात नाही, कारण ते बीडच्या 5,000 मध्ये धरलेत. बीडच्या वहीत त्यांच्यापुढं काय असेल? लाल पेनानं ‘स्थलांतरित’.

बुधवार, 6 मार्च

परवाच्या फडावर आज संध्याकाळी सहाला विशेष सत्र लावलं. दुपारी लावून उपयोग नाही, आया नसतात. पहाटे लावून तर अजिबातच नाही, रात्री दोनलाच गाड्या भरायला उठलेली माणसं ती. सिस्टरला वेळ विचारली तर ती म्हणाली, “भाऊ, माझी पण दहावीची पोर आहे घरी, परीक्षा चालू आहे.” तरी आली. पोरीला स्कूटीवर मागं बसवून घेऊन आली. पोर ट्रॅक्टरच्या दिव्यात भूगोल वाचत बसली.

अकरापैकी नऊ टोचली. एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाची, कुपी फोडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. कुपीत पाच डोस. एमआरची पोरं सातच होती, म्हणून दुसरी कुपी फोडताना हात आखडतो हे खरं. ‘वाया गेलेले डोस’ असा रकाना अहवालात असतो. ‘वाया गेलेलं पोर’ असा रकाना नाही.

नाही म्हणणारी एक आजी होती. तिचं म्हणणं, नातवाला मागं अंगावर पुरळ उठलं होतं, देवी आई येऊन गेली, आता तिला पुन्हा डिवचायचं नाही. मी वाद घातला नाही. एका वर्षी वीटभट्टीवर घातला होता.

ते साल लिहीत नाही. तेव्हाही आमचा आकडा शंभराच्या वर होता आणि अहवालावर सही माझीच होती. भट्टीवर गोवर आली. चौदा पोरं तापली. झोपड्यांच्या दारांना कडुनिंबाचे डहाळे लागले, आत कुणाला घेईनात. मी ‘अंधश्रद्धा’ वगैरे शब्द वापरले. दारं आणखी घट्ट झाली. शेवटी भट्टीमालकाच्या आईनं मध्ये पडून आम्हाला आत नेलं. जीवनसत्त्व अ चे डोस दिले, आज एक, उद्या एक. एका मुलीला न्यूमोनिया झाला, जिल्ह्याला पाठवली. वाचली. चौकशीत मला विचारलं, “शंभर टक्के काम होतं तर गोवर आली कशी?” मी कागदावर लिहिलं, “सदर बालके बाहेरील असल्याने.” वाक्य नियमाला धरून होतं. मंजूर झालं.

गोवर रोखायला शंभरातल्या 95 पोरांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात, आणि राहिलेली पाच पसरून असली तर ठीक. ती एकाच भट्टीवर, एकाच फडात, एकाच गल्लीत असली की टक्केवारीचा काही उपयोग नाही. 2022 च्या शेवटाला मुंबईत गोवंडीत आणि इकडं मालेगाव, भिवंडीत गोवर उसळली ती हेच सांगून गेली.

आजीशी आज नुसत्या गप्पा मारल्या. उसाचा भाव, उचल किती, बैलांना पाणी कुठून. तिनं चहा दिला. लस नाहीच घेऊ दिली. मोबाइलमध्ये शनिवारची आठवण लावलीय.

मंगळवार, 12 मार्च

खासगी दवाखान्यातून फोन: सहा वर्षांच्या मुलाचे दोन्ही पाय अचानक लुळे पडले. डॉक्टर म्हणतात जीबीएस, म्हणजे नसांचा एक आजार, असावा. असेना का. पंधरा वर्षांखालचं मूल आणि अचानक आलेला लुळेपणा म्हटलं की आम्ही पोलिओ समजूनच धावतो.

धावतो म्हणजे काय, तर शी गोळा करायला. दोन नमुने, मध्ये निदान 24 तास, दोन्ही लुळेपणा आल्यापासून 14 दिवसांच्या आत. अंगठ्याएवढी प्रत्येकी. मग बर्फात घालून मुंबईला, परळला हाफकिनच्या आवारातल्या प्रयोगशाळेत. पहिला नमुना दुपारी मिळाला. दुसरा उद्या. मुलाच्या बापाला आज तीनदा फोन केला, “झाली का?” शेवटी तो वैतागून म्हणाला, “साहेब, पाय हलत नाहीत पोराचे, आणि तुम्हाला त्याची शी पडलीय.” काय बोलणार. बायको ताट वाढून थांबलेली, तिनं नुसतं बघितलं.

दर लाख मुलांमागं वर्षाला असे दोन तरी लुळेपणाचे रुग्ण सापडायलाच हवेत, पोलिओ नसलेले. सापडले नाहीत तर तालुका पोलिओमुक्त आहे असं नव्हे, आपण बघत नाही असं धरायचं. आमच्या खात्यात मला सगळ्यात आवडलेला नियम हाच. बाकी सगळीकडं शून्य दाखवलं की शाबासकी मिळते. इथं शून्य दाखवलं की विचारतात, गेला होतास का?

बुधवार, 27 मार्च

दहा वर्षं झाली दाखल्याला. ऑफिसात कुणाच्या लक्षात नव्हतं, मीही बोललो नाही.

परळचा निकाल अजून यायचाय. मुलगा आता बोटं हलवतो असं बापानं स्वतः होऊन कळवलं. साठाव्या दिवशी पुन्हा तपासायला जायचंय.

धुळवडीनंतर कारखान्याचा पट्टा पडला. आज फडाकडून गेलो, कोप्यांच्या जागी चुलीचे काळे दगड आणि फाटक्या ताडपत्रीचे तुकडे. आजीच्या नातवाला दुसऱ्या शनिवारी टोचलं होतं. तिनं पोराला स्वतः धरून बसवलं आणि सिस्टरला बजावलं, “हळू टोच.” अकरापैकी एकच राहिलं, ते आधीच दुसऱ्या टोळीबरोबर कर्नाटकात गेलेलं.

दहा पोरांची यादी मोबाइलवर पाटोद्याच्या आमच्यासारख्याच एका माणसाला पाठवली. त्याला कधी भेटलेलो नाही, ट्रेनिंगला कुणाकडून तरी नंबर मिळाला होता. नाव, आईचं नाव, गाव, कुठला डोस झाला, पुढचा कधी. त्या चार झिरो डोसवाल्यांचा दुसरा पेंटा 3 एप्रिलला येतो. फोन नंबरच्या रकान्यात सात जणांपुढं एकच नंबर आहे, मुकादमाचा. तो दुपारपासून बंद लागतोय.

रात्री साडेनऊला पाटोद्याहून उत्तर आलं: “यातली तीन नावं माझ्या वहीत आहेत. बाकीची कुठली?”

आशाताईला फोन लावला. तिला गावांची नावं पाठ असतात.